फुप्फुसांच्या धमन्या आणि पेशींचा हट्ट

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग-संशोधन संस्था आहे, आणि त्याच उपनगरात बालकांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयही आहे. या दोन विद्यांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारले असते तर तीस वर्षांपूर्वी उत्तर देणे अवघड गेले असते. फुप्फुसीय उच्चरक्तदाबाचे जुने दप्तर चाळले म्हणजे तो संबंध कसा जुळत गेला हे उमगते.

1891 साली जर्मन वैद्य रोमबर्ग याने शवविच्छेदनात फुप्फुसांच्या धमन्या कठीण झालेल्या पाहिल्या, पण कारण त्याला सापडले नाही. हृदयात नळी सरकवून दाब मोजता येऊ लागल्यावर 1951 मध्ये ड्रेसडेल याने कारण न सापडणाऱ्या प्रकाराची स्वतंत्र व्याधी म्हणून मांडणी केली, आणि 1958 मध्ये हीथ व एडवर्ड्स यांनी धमन्यांच्या विकृतीचे सहा टप्पे ठरविले. हृदयात उपजत मोठे छिद्र असलेल्या बालकाच्या फुप्फुसांत रक्ताचा जादा लोंढा वर्षानुवर्षे जात राहिला, तर त्या धमन्या जाड व अरुंद होत जातात, आणि एका मर्यादेपलीकडे छिद्र बुजविणेच जिवावर बेतते. म्हणून बालशल्यचिकित्सेत वेळेला एवढे मोल.

सूक्ष्मदर्शकाखाली, जिथे रक्तासाठी मोकळी वाट असावी तिथे, अस्तराच्या पेशींचे गुंतागुंतीचे जाळे माजलेले दिसते. 1998 मध्ये, ज्यांच्या व्याधीचे कारण सापडत नव्हते अशा रुग्णांच्या जाळ्यांतील पेशी पुष्कळदा एकाच पेशीची संतती असल्याचा दाखला मिळाला, आणि अर्बुदाची भाषा या प्रांतात शिरली. त्या रुग्णांच्या पेशींतील डीएनए तुटलेला आढळतो. एवढी हानी झालेल्या पेशीने वास्तविक मरावे. परंतु 2014 मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखविले की, पार्प नामक दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाच्या बळावर धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी तग धरतात व वाढतच राहतात. पार्पला अडविणारे ओलापरिब हे औषध मुळात अंडाशयाच्या कर्करोगावरचे. ते या व्याधीत तपासण्याची तजवीज पुढे झाली.

उलट बाजूही आहे, आणि मला तीच अधिक विलक्षण वाटते. डीएनएला जखडणारे मायटोमायसिन हे कर्करोगावरील औषध फुप्फुसांतील नीला बुजवून दाब वाढवू शकते, तर रक्ताच्या कर्करोगावरचे डॅसॅटिनिब धमन्यांचा दाब वाढवू शकते. त्यामुळे अशी औषधे घेणाऱ्याला धाप लागू लागली, तर अशक्तपणा म्हणून ती सोडून देता येत नाही; हृदयाची इको तपासणी करून घ्यावी लागते.