जुन्या यंत्राचे प्लॅस्टिकचे तावदान बदलताना

जुना ट्रॅक्टर किंवा कापणी-मळणी यंत्र दुरुस्त करून पुन्हा कामास लावताना इंजिन, गिअर व चाके यांकडे पुरेसे लक्ष दिले जाते. केबिनच्या बाजूचे किंवा मागचे प्लॅस्टिकचे तावदान मात्र शेवटी घाईने बसविले जाते. ते थोड्याच दिवसांत तडकते आणि दोष मालाला दिला जातो. वास्तविक दोष बहुधा बसविण्याच्या पद्धतीत असतो.

मालाची निवड : ॲक्रिलिकचा तक्ता स्वच्छ असतो व उन्हात सहसा पिवळा पडत नाही, परंतु जोराच्या आघाताने फुटून त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट आघात चांगला सोसते, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. म्हणून जेथे खडे वा धसकटे उडून लागण्याचा संभव असतो, तेथे पॉलिकार्बोनेट वापरणे श्रेयस्कर होय. त्याच्या ज्या बाजूस ऊनरोधक थर असतो, ती बाजू बाहेर ठेवावी. वायपर फिरणाऱ्या पुढील तावदानास सुरक्षा-काचच हवी. घराच्या खिडकीची साधी काच कोठेही बसवू नये. ती फुटल्यास चालकाच्या डोळ्यांस गंभीर इजा होऊ शकते.

माप व फट : जुने तावदान फेकून न देता त्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्यावा. उष्णतेने प्लॅस्टिक लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक प्रसरण पावते. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास १ मीटर लांबीचा तक्ता सुमारे २ मिलिमीटर वाढतो. तेवढीच लोखंडी चौकट अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. बंद केबिन दुपारी फार तापते. वाढीस जागा नसेल तर तक्ता फुगतो आणि स्क्रूपाशी चिरतो. यास्तव ५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी सुमारे ७ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. छिद्र कडेच्या फार जवळ नसावे.

कापणे व बसविणे : तक्त्यावरील संरक्षक कागद काम संपेपर्यंत काढू नये. बारीक दातांच्या करवतीने कापून कडा कानशीने व पॉलिश कागदाने गुळगुळीत कराव्यात, कारण खरबरीत कडेपासूनच चीर सुरू होते. छिद्र पाडताना खाली लाकडी फळी घ्यावी व हलका दाब द्यावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. स्क्रूखाली रबरी वॉशर घालावा, मऊ पी.व्ही.सी.चा वॉशर पॉलिकार्बोनेटला बाधतो. स्क्रू करकचून आवळू नयेत.

निगा : प्रथम पाण्याने धूळ वाहू द्यावी, नंतर सौम्य साबण व मऊ कापड वापरावे. कोरड्या फडक्याने पुसल्यास ओरखडे पडतात. पेट्रोल, थिनर व ॲसिटोन यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांनी बारीक भेगा पडतात. औषध फवारणीचे थेंब उडाल्यास ते तत्काळ धुऊन काढावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या जुन्या यंत्रावर या कामाचे प्रात्यक्षिक करून दाखविल्यास शेतकरी बांधवांचा तोच तोच खर्च वाचेल आणि चालकाचे डोळेही सुरक्षित राहतील.