पैसा ओतला की म्हातारपण लांबतं का?

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर म्हणाल्या, गुडघेदुखी थांबवून वय दहा वर्षांनी मागं नेणारी पावडर घ्यायचीय. विकणारा सांगून गेला होता, "गुगलवाले यावरच संशोधन करतात." आम्ही म्हटलं, आधी हे गुगलचं काय ते बघू.

संशोधन खरंच चालू आहे. गुगलनं 2013 साली कॅलिको नावाची कंपनी काढली. शरीर म्हातारं का होतं, हेच ती शोधते. 2022 मध्ये आल्टोस लॅब्स आली, ती तर 3 अब्ज डॉलर गाठीला बांधूनच. पण माणसाचं वय मागं नेतं असं सिद्ध झालेलं औषध अजून कुणीच बाजारात आणलेलं नाही.

एवढा पैसा, मग अडतं कुठं? आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, उंदरासारखा एक बिनकेसांचा प्राणी आहे. घरातला उंदीर फार तर तीनेक वर्षं जगतो, हा तीस वर्षांच्याही वर. वय वाढलं तरी त्याच्या मरणाचा धोका वाढत नाही, असं कॅलिकोच्या शास्त्रज्ञांनी 2018 साली दाखवलं. कशावरून? रोशेल बफेनस्टाइन या बाईंनी तीसहून जास्त वर्षं हे प्राणी पाळून त्यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवल्या होत्या. गुगल 1998 ची, म्हणजे नोंदवही कंपनीहून जुनी! गटाचं रजिस्टर लिहून कंटाळणाऱ्या सचिवांनी हे ऐकावं. यंत्रं विकत मिळतील, पण या नोंदींना लागलेली वर्षं कुठून आणणार? आणि माणसाचं आयुष्य तर त्याहून लांब.

म्हणून आम्हाला कर्नाटकातलं काम जास्त पटलं. इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या ट्रस्टच्या मदतीनं बेंगळुरूची मेंदू संशोधन संस्था कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांत काम करते. 45 च्या पुढच्या लोकांची स्मरणशक्ती, रक्त, मेंदू ती ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा तपासते. संगणकाच्या धंद्यातला पैसा तिथं नोंदवही सुरू करायला लागला, आणि ती नोंदवही आपल्यासारख्याच खेड्यातल्या माणसांची आहे. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनंही 2017-18 मध्ये देशभरातल्या 72 हजारांवर लोकांची अशी पाहणी केली.

पावडरीच्या डब्यावर मात्र किती माणसांवर, किती वर्षं तपासलं, याचा एक शब्द नव्हता. कर्ज आम्ही नाकारलं नाही, गटाचा पैसा ताईंचाही आहे. ठरलं एवढंच, की आधी सरकारी दवाखान्यात गुडघे दाखवायचे. बुधवारी आम्ही दोघी त्यांच्यासोबत जाणार आहोत.