आधी वीज, मग रेडिओ

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानं उतरत नाहीत, पण रिमोटवरची छोटी विमानं उडवायला इथे हवी तेवढी जागा आहे. रब्बीची ज्वारी निघाली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, की मृगाच्या पावसापर्यंत काळी रानं मोकळी पडतात. बालाघाटच्या कडेचे मुरमाड माळ तर बहुतेक वर्षभर रिकामेच असतात. वारं पडलेलं असतं तेव्हा, उजाडता उजाडता, अशा माळावर हातात रिमोट धरून मान वर करून उभी असलेली पोरं दिसतात. त्यांची विमानं सनपॅक शीटची किंवा फोमची, पंखांचा विस्तार मीटरभराचा. ही विमानं शोभेची नसतात. खऱ्या विमानाला हवेचे जे नियम लागू, तेच यांनाही लागू.

बीडमध्ये मी वर्षानुवर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. टीव्ही पातळ होऊन भिंतीला लागले आणि दुरुस्तीपेक्षा नवा घेणं बरं असं लोकांना वाटू लागलं, तेव्हापासून माझ्या टेबलावर ही विमानं येऊ लागली. मोडलेलं विमान पिशवीत घालून येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच सांगतो, "काका, सिग्नल गेला बघा." तपासायला घेतलं की निघतं वेगळंच. कुठे वीज कमी पडलेली असते, कुठे तार ढिली असते, तर कुठे विमानाचा तोलच चुकलेला असतो. हे नीट समजून घेतलं तर निम्मी विमानं पडण्याआधीच वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

स्टिकपासून पंखापर्यंत

दुरून, तारेविना यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी 1898 मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट चालवून दाखवली. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 मध्ये 'गफ' नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. ते आज तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

आजच्या विमानात काय घडतं ते पाहू. आपण रिमोटवरची स्टिक हलवली की रिमोट, म्हणजे ट्रान्समीटर, तिची जागा आकड्यात बदलून लहरींवर पाठवतो. विमानातला रिसीव्हर तो आकडा वाचतो आणि सर्व्हो मोटरला विजेचे ठोके देतो. साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक ठोका. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर सर्व्होचा दांडा मधोमध थांबतो. एक मिलिसेकंदाला तो एका टोकाला जातो, दोन मिलिसेकंदांना दुसऱ्या. त्या दांड्याला बांधलेली तार शेपटीचं किंवा पंखाचं फडकं हलवते आणि विमान वळतं. पुढची पंख्याची मोटर मात्र स्पीड कंट्रोलरवर चालते. हाच स्पीड कंट्रोलर बहुतेक छोट्या विमानांत आणखी एक काम करतो. अकरा-बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच व्होल्ट तयार करून तो रिसीव्हर आणि सगळ्या सर्व्होंना पुरवतो. तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

सिग्नलवर आळ

सिग्नलवर आळ घेण्याची सवय जुन्या काळातली आहे. तेव्हाचे सेट 35 किंवा 72 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालायचे, क्रिस्टल बदलून चॅनेल ठरायचा. मैदानावर दोघांनी एकच चॅनेल लावला की विमान गेलंच. साधारण 2005 नंतर 2.4 गिगाहर्ट्झचे सेट आले आणि चित्र पालटलं. हे सेट एका सेकंदात कितीतरी वेळा लहरींची जागा बदलतात आणि रिसीव्हर फक्त स्वतःच्या ट्रान्समीटरचंच ऐकतो. त्यामुळे मोकळ्या माळावर, नजरेच्या टप्प्यात, दुसऱ्याच्या रेडिओमुळे विमान पडणं आता क्वचित घडतं.

गेवराईकडचा एक कॉलेजचा मुलगा विमान घेऊन आला होता. चढताना सगळं ठीक, पण जोरात वळवलं की क्षणभर काहीच चालत नाही आणि विमान नाक खाली घालतं. त्याने नवा रिसीव्हर घ्यायचं ठरवलं होतं. मी पंखा काढायला लावला, कारण टेबलावर मोटर चुकून सुरू झाली तर बोटं जातात. मग रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर, म्हणजे सर्व्हो जोडायच्या मोकळ्या जागेवर, मल्टीमीटर लावला. आकडा 5.0 व्होल्ट. "आता दोन्ही स्टिक एकदम गरगर फिरव," म्हटलं. आकडा घसरत चार व्होल्टच्याही खाली गेला, रिसीव्हरचा दिवा विझला आणि पुन्हा लुकलुकत लागला. मुलगा पुढे वाकून बघत राहिला. "म्हणजे काका, रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतोय?"

तेच होत होतं. उजव्या पंखातली तार भोकात घट्ट बसली होती, म्हणून फडकं शेवटपर्यंत जाताना अडकत होतं. अडकलेली सर्व्हो जोर लावते आणि नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. गावात एकाच वेळी सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब मंद होतो, तसं रिसीव्हरचं झालं. भोक जरा मोठं केलं, तार मोकळी फिरू लागली आणि त्याच चाचणीत आकडा पाचाच्या आसपास टिकला. नवा रिसीव्हर घ्यावा लागला नाही.

लक्षणं काय सांगतात

विमान पडलं की बॅटरी काढून घ्यावी आणि लगेच आठवावं, शेवटी काय दिसलं. मोटर बंद पडली पण फडकी हलत होती, तर रेडिओ शाबूत आहे. बॅटरी संपत आल्याने स्पीड कंट्रोलरने मोटरची वीज तोडली असेल, किंवा तो तापला असेल. सगळंच एकदम मेलं, तर रिसीव्हरची वीज तपासावी. एकच फडकं थरथरत असेल, तर त्याच सर्व्होकडे बघावं. सर्व्होच्या पोटात व्हॉल्यूम कंट्रोलसारखा एक छोटा भाग असतो, त्यात आपली काळी धूळ शिरली की दांडा जागेवर ठरत नाही. संशय असलेली सर्व्हो दुसऱ्या चॅनेलवर लावून पाहावी. थरथर सर्व्होबरोबर गेली तर दोष तिचा. जुन्याच चॅनेलवर राहिली तर रिसीव्हरचा किंवा तारेचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुरुस्तीचा पहिला धडा आहे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि विमान सुधारलं, तर नेमकं काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही.

मग येतात जोड. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, बरेचदा वरून ठीकच वाटतो आणि मोटरच्या कंपनाने उडताना सुटतो. प्रत्येक जोड हलक्या हाताने ओढून बघावा. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की काम होतं.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच रेडिओकडे वळावं. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक तिच्या पावपट, म्हणजे साधारण 31 मिलिमीटर असतं. ते टोक कापलं किंवा दुमडलं तर पल्ला घटतो. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात आणि बॅटरी व कार्बनच्या काड्यांपासून लांब. उडवण्याआधी पल्ल्याची चाचणी घ्यावी. बऱ्याच सेटवर त्यासाठी कमी शक्तीची सोय असते. ती लावून साधारण तीस पावलं, किंवा पुस्तिकेत दिलं असेल तेवढं, लांब जावं आणि फडकी हलतात का पाहावं.

बीडचं ऊन आणि लिपो बॅटरी

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीला हे ऊन सोसत नाही. तिच्या एका सेलचं पूर्ण चार्ज व्होल्टेज 4.2, आणि 3 व्होल्टच्या खाली गेला की सेल कायमचा खराब होतो. आठवडाभर उडवायचं नसेल तर 3.8 च्या आसपास आणून सावलीत ठेवावी. दुचाकीच्या डिकीत भर दुपारी ठेवलेली बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्जला लावू नये, ती पेट घेऊ शकते. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, फरशीवर आणि आपण समोर असतानाच करावं. रात्री लावून झोपू नये.

उडवण्याआधी

काही दोष विजेचे नसतातच. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर बोटं टेकवली तर विमान तोलून राहिलं पाहिजे. शेपटी जड असेल तर ते हातातून सुटताच बेलगाम होतं. पंख्यावरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला हवीत, उलटा लावलेला पंखा फिरतो पण नीट ओढत नाही. पाठीमागे उभं राहून स्टिक उजवीकडे न्यावी, उजव्या पंखाचं फडकं वर उठलं पाहिजे. शेवटी पंखा काढून, मोटर सुरू ठेवून ट्रान्समीटर बंद करावा. मोटर लगेच थांबली तरच फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर मोटर थांबवणारी सोय, बरोबर लागलाय. या तपासण्यांना पाच मिनिटं पुरतात. डागडुजी करताना थर्माकोलच्या विमानाला फेविक्विक लावू नये, ते थर्माकोल विरघळवतं. फेविकॉल किंवा बेताचा तापलेला हॉट ग्लू बरा.

गाव आणि कायदा

25 ऑगस्ट 2021 पासून ड्रोन नियम लागू झाले. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या, 25 किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला त्यात टाइप सर्टिफिकेटची अट नाही. पण सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे आधी पाहावं. तिथे साधारणपणे 400 फुटांपर्यंतच मुभा आहे. पोलिसांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा तात्पुरता बंदी आदेश असेल तर विमान घरीच ठेवावं.

कायद्याइतकाच गावाचा मान ठेवायला हवा. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या आणि लोकांनी भीतीने रात्री जागून काढल्या. म्हणून ज्याच्या रानात उडवायचं त्याला विचारावं, पोलीस पाटलांना सांगावं, दिवसाउजेडीच उडवावं. विजेच्या तारा, जनावरं, रस्ता यांपासून लांब राहावं. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला तर फिरकूच नये.

शाळांसाठी

एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवलं जातं आणि वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. नीती आयोगाच्या योजनेतून अनेक शाळांत सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब झाल्या आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या शाळांनी या लॅबमध्ये एक सनपॅक शीटचं विमान आणि एक मल्टीमीटर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. मुलांना ते विमान उडवू द्यावं आणि पडलं तर रागावू नये. का पडलं ते त्यांनी मोजून शोधावं आणि वहीत लिहावं.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर शाळेपासून दूर जातात. परत आल्यावर त्यांच्यासमोर पुस्तकाबरोबर असं काही हाताने करायचं असेल, तर शाळेची ओढ वाढेल. व्होल्ट आणि अँपिअर पाठ करण्याऐवजी ते आकडा घसरताना बघतील आणि कारण शोधतील. ज्या शाळेला हे सुरू करायचं असेल, तिच्यासाठी माझं टेबल, सोल्डर गन आणि मीटर तयार आहे.