नाणेफेक आणि पत्रिका

वेंगुर्ल्यात आजही कित्येक घरांत स्थळ आलं की आधी पत्रिका मागतात. खरं ठरलेलं भाकीत वर्षानुवर्षं सांगितलं जातं, चुकलेलं कुणी आठवतही नाही. मन असं निवडून लक्षात ठेवतं, म्हणूनच मानसशास्त्राला आठवणींवर विसंबता येत नाही, मोजावं लागतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये हेच केलं. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवून त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. कुठली पत्रिका कुणाची, हे ज्योतिषांना ठाऊक नव्हतं आणि प्रयोग करणाऱ्यांनाही नाही. त्यामुळे नकळत इशारा मिळण्याची वाटच बंद झाली. मला ही खबरदारी साऱ्या प्रयोगाचा कणा वाटते.

२७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून प्रत्येक पत्रिका हुशार मुलाची की बौद्धिक अक्षमता असलेल्या, हे सांगितलं. सर्वांत चांगली कामगिरी २४ बरोबर.

२४ म्हणजे निम्म्याहून जास्त, मग विद्या खरी? इथे संख्याशास्त्र लागतं. नाणं ४० वेळा उडवलं तर सरासरी २० छापे पडतात, पण प्रमाण विचलन सुमारे ३.२ असतं. म्हणजे शंभरातल्या साधारण पंचाण्णव वेळा छापे १४ ते २६ मध्ये राहतात. २७ माणसांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतले तीन-चार जण २४ किंवा त्यापुढे गेले असते. शिवाय एका ज्योतिष संस्थेने २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली.