रडार लावायचं की नाही?

‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ हा आरमारी आणि हवाई युद्धाचा खेळ संगणकावर पहिल्यांदा उघडणाऱ्याची बहुधा निराशाच होते. समोर उसळत्या लाटा नाहीत, धुराचे लोट नाहीत, वैमानिकाच्या काचेतून दिसणारं आभाळ नाही. आहे तो पृथ्वीचा नकाशा. त्यावर निळी, लाल, पिवळी चिन्हं, चिन्हांभोवती पल्ला दाखवणारी वर्तुळं आणि कडेला संदेशांची न संपणारी यादी. एखाद्या सरकारी कचेरीतल्या पडद्यावर शोभावा असा हा देखावा. तरीही 2013 मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीपासून या खेळाला एक निष्ठावंत वर्ग लाभला, 2019 मध्ये नवी आवृत्ती आली आणि त्याची खास व्यावसायिक आवृत्ती काही देशांची संरक्षणदलंही वापरतात. या रुक्ष पडद्यात लोकांना सापडतं तरी काय? माझ्या मते याचं उत्तर शस्त्रांच्या आकर्षणात नाही. शत्रू कुठे आहे हे नक्की ठाऊक नसताना निर्णय घ्यायचा आणि तो घेताना स्वतःचा ठावठिकाणा शत्रूला कळू द्यायचा नाही, हा या खेळाचा खरा विषय आहे. गोळीबार हा त्याचा शेवटचा आणि पुष्कळदा सर्वांत सोपा भाग.

समुद्रावरच्या लढाईचा पहिला नियम कुणा सेनापतीने नाही, पृथ्वीच्या गोलाईने घालून दिला आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिजाच्या पलीकडचं जहाज त्यांना दिसत नाही. याचा ढोबळ हिशेब शाळेतल्या गणितानेही करता येतो. रडारची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज करायची आणि तिला 4.1 ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. जहाजावर 25 मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला, पाण्यापासून जेमतेम चार मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र सुमारे 29 किलोमीटरवर दिसू लागतं. सेकंदाला 300 मीटर वेगाने ते अंतर दीड मिनिटात संपतं. तेवढ्या वेळात ते ओळखायचं, खात्री करायची, वरिष्ठांना कळवायचं आणि पाडायचं. तेच रडार नऊ हजार मीटरवरून उडणाऱ्या विमानात असेल, तर 25 मीटर उंचीचं जहाज त्याच्या क्षितिजात चारशे किलोमीटरवरूनच येतं. आरमारी आणि हवाई युद्ध एकाच खेळात बांधलेलं असतं ते यामुळे. विमानाचा डोळा नसलेलं आरमार स्वतःच्या क्षितिजात कोंडलेलं असतं.

मग रडार कायम चालू का ठेवायचं नाही? इथेच खेळातला पहिला खरा पेच येतो. रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाऊन, आपटून, क्षीण होऊन परत यावी लागते, तेव्हा कुठे रडार लावणाऱ्याला काही दिसतं. शत्रूला मात्र ती जाताना नुसती ऐकायची असते. एकेरी प्रवास केलेली लहर दुहेरी प्रवास करून आलेल्या लहरीपेक्षा कितीतरी जोरकस असते. म्हणून तुम्ही शत्रूला पाहण्याच्या आधीच तुमचं रडार त्याच्या कानावर पडण्याची शक्यता मोठी. शिवाय प्रत्येक रडारची ढब वेगळी असल्याने, ते कुठल्या जातीच्या जहाजावरचं असावं हेही ऐकणाऱ्याला ताडता येतं. ऐकणाऱ्याचीही अडचण आहे, कारण त्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. खेळात अशा वेळी पडद्यावर नेमका ठिपका उमटत नाही. शत्रू ज्या पट्ट्यात कुठेतरी असेल तो पट्टा आखला जातो. दुसऱ्या जागेवरून दुसऱ्या जहाजाने तोच आवाज पकडला तर दोन दिशा एकमेकींना छेदतात आणि पट्टा आकसतो. आवाज बंद झाला की तो पुन्हा मिनिटागणिक फुगत जातो, कारण शत्रू तेवढ्या वेळात कुठेही सरकला असेल. चांगल्या खेळाडूचं लक्ष शत्रूच्या चिन्हापेक्षा या फुगणाऱ्या पट्ट्यावर अधिक असतं.

हे सगळं कागदी वाटत असेल तर 4 मे 1982 चा दिवस पाहावा. फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिश विनाशिका ‘शेफील्ड’ पहाऱ्यावर होती. अर्जेंटिनाच्या नेपच्यून जातीच्या टेहळणी विमानाने ब्रिटिश जहाजांचा माग काढला आणि दोन सुपर एतांदार विमानं समुद्राला लागून, रडार बंद ठेवून निघाली. मध्येच जराशी वर येऊन त्यांनी क्षणभर रडार लावलं, लक्ष्य टिपलं आणि एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडून दिली. तो क्षणभराचा आवाज ‘ग्लासगो’ या दुसऱ्या विनाशिकेने पकडला, इशाराही दिला. पण त्याआधी असे खोटे इशारे इतके झाले होते की ताफ्याच्या हवाई संरक्षणाचं नियंत्रण करणाऱ्या ‘इन्व्हिन्सिबल’वर तो धरला गेला नाही. ‘शेफील्ड’ त्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवत होती आणि त्या प्रक्षेपणाने तिचे स्वतःचेच कान बधिर झाले होते. वीस माणसं गेली आणि सहा दिवसांनी, ओढून नेत असताना, जहाज बुडालं. शस्त्रांची तुलना केली तर ब्रिटिश ताफा दुबळा नव्हता. त्या दहा-पंधरा मिनिटांत कोणाला काय ठाऊक होतं आणि ठाऊक असलेल्यावर कोणी विश्वास ठेवला, यावर निकाल लागला.

आपल्या किनाऱ्याजवळचं उदाहरणही बोलकं आहे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला; नौदल दिन आपण पाळतो तो याच तारखेला. ‘निर्घात’ने सोडलेलं पहिलं क्षेपणास्त्र ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेवर आदळलं, तेव्हा तिच्यावरून गेलेला संदेश शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचा होता. क्षितिजापलीकडच्या छोट्याशा बोटीने आपल्याला गाठलं, हे तिच्यावरच्या लोकांच्या डोक्यातच आलं नाही. पाचच दिवसांनी पारडं फिरलं. पाणबुडीच्या शोधासाठी मुंबईहून निघालेली ‘खुखरी’ दीवजवळ ‘हंगोर’ या त्याच पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 194 जण गेले. शिकारी कोण आणि सावज कोण, हे पाण्याखाली ऐकणाऱ्याने ठरवलं.

शस्त्रांचं गणित त्यानंतर येतं, आणि तेही भाबड्या अपेक्षेला धरून चालत नाही. समजा, चार जहाजांचा ताफा मिळून एका वेळी बारा क्षेपणास्त्रं पाडू शकतो. त्याच्यावर आठ-आठ क्षेपणास्त्रं दोनदा सोडली तर सगळी सोळा वाया जातात. तीच सोळा एकाच क्षणी पोहोचली तर चार आत शिरतात, आणि आजच्या जहाजाला एक-दोन पुरेशी असतात. अमेरिकी नौदल अधिकारी वेन ह्यूज यांनी हे गणित रीतसर मांडलं; आधी आणि परिणामकारक मारा करणं हे त्यांच्या डावपेचांचं सूत्र होतं. पण आधी मारायचं तर शत्रू आधी सापडायला हवा, म्हणजे गाडी पुन्हा रडारच्याच प्रश्नावर येऊन थांबते.

माहिती रोखून धरणं हाच खेळाचा आत्मा, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. 1942 च्या सुरुवातीला लिव्हरपूलमध्ये, डर्बी हाउस या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, ब्रिटिश नौदलाने एक खोली घेतली. क्षयामुळे निवृत्त झालेले गिल्बर्ट रॉबर्ट्स तिथले प्रमुख, आणि खेळ चालवणाऱ्या बहुतेक जणी नौदलाच्या महिला शाखेतल्या तरुण मुली. जमीन हाच अटलांटिक महासागर. तिच्यावर चौकटी आखलेल्या. काफिल्याचं रक्षण करणारे अधिकारी कॅनव्हासच्या पडद्यामागे उभे राहत आणि पडद्यातल्या फटीतून, त्यांच्या जहाजावरून दिसेल तेवढंच पाहत. जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने आखले जात, जर्मन पाणबुड्यांचे हिरव्या खडूने, कारण त्या जमिनीवर हिरवा खडू पडद्यामागून दिसत नसे. या खेळातूनच एक जुना समज मोडला. पाणबुड्या काफिल्याबाहेरून, लांबून मारा करतात असं मानलं जात होतं. जमिनीवर मांडून पाहिल्यावर कळलं की त्या रात्री जहाजांच्या रांगांच्या आत घुसून मारत असल्या पाहिजेत. त्यावर बेतलेला प्रतिडाव ‘रासबेरी’ या नावाने ओळखला जातो. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी या खोलीतून शिकून गेले. आजच्या खेळात शत्रूची चिन्हं लपवणारी आज्ञावली त्या हिरव्या खडूचंच काम करते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की खऱ्या क्षेपणास्त्रांचे आणि रडारचे आकडे गुप्त असतात, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या खेळातले आकडे अंदाजपंचेच असणार. हे खरं आहे, पण त्याने फारसं बिघडत नाही. आकडा दहा टक्क्यांनी चुकला तरी क्षितिज हलत नाही, आणि रडार लावणारा आधी ऐकू जाण्याचं तत्त्वही बदलत नाही. शिवाय उघड माहिती चिकाटीने जमवण्याची परंपरा इथे जुनी आहे. जगातल्या लढाऊ जहाजांची ‘जेन्स’ ही प्रसिद्ध सूची 1898 मध्ये फ्रेड जेन या इंग्रज गृहस्थाने काढली, आणि त्याच वर्षी त्याने स्वतः रचलेला आरमारी युद्धखेळही प्रसिद्ध केला. ज्या संदर्भग्रंथाकडे नौदलं गांभीर्याने पाहतात त्याचा जन्म खेळाच्या नादातून झाला, ही मौजेची गोष्ट. पुढे लॅरी बाँड या अमेरिकी नौदलातल्या माजी अधिकाऱ्याचा ‘हार्पून’ हा मेजावरचा खेळ 1980 मध्ये आला. टॉम क्लॅन्सी आणि बाँड यांनी ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ कादंबरीतल्या आरमारी लढाया त्यावर तपासून पाहिल्या, 1989 मध्ये तो संगणकावर आला आणि ‘कमांड’ हा त्याच घराण्यातला वारस आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खेळातला सेनापती थकत नाही, घाबरत नाही, त्याला वरिष्ठांची भीड नाही. डाव फसला तर साठवलेल्या जागेवरून तो पुन्हा सुरू करतो. मिडवेच्या लढाईआधी, मे 1942 मध्ये, जपानी आरमाराने ‘यामातो’ या युद्धनौकेवर डाव मांडून पाहिला. पंचाने फासे टाकून ‘अकागी’ आणि ‘कागा’ ही विमानवाहू जहाजं बुडाल्याचं ठरवलं, तेव्हा ॲडमिरल उगाकी यांनी नऊ माऱ्यांचे तीन केले, एकटी ‘कागा’ बुडाली, आणि पुढच्या डावात तीही परत आली. ही हकिगत उगाकींची चेष्टा करण्यासाठी नेहमी सांगितली जाते. माझ्या मते ते आकड्याबाबत फारसे चुकले नव्हते; मिडवे बेटावरच्या बॉम्बफेकी विमानांकडून नऊ मारे लागणं अवास्तवच होतं. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे. शत्रूची विमानं आपल्या नकळत येऊन ठेपली तर काय, हा त्या फाशांनी उभा केलेला प्रश्न आकड्याबरोबर खोडला गेला. 4 जूनला अमेरिकी विमानवाहू जहाजांवरून ती खरोखरच येऊन ठेपली आणि त्या एका लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजं गेली. साठवलेला डाव पुन्हा उघडणारा खेळाडू नेमका हाच प्रमाद करतो. पण दोष त्याच्या सवयीचा आहे आणि ती मोडता येते. डाव न साठवता, हरलेली बाजू घेऊन, शेवटपर्यंत खेळणारे पुष्कळ आहेत. भीती आणि थकवा मात्र खेळात येत नाही, हे मान्यच करायला हवं. ‘शेफील्ड’ची घटना हुबेहूब मांडली तरी खोट्या इशाऱ्यांनी कंटाळलेला अधिकारी यंत्रात घालता येत नाही, त्याच्या जागी फार तर एक टक्केवारी बसते.

उरतो नैतिक आक्षेप: माणसं मरतात त्या गोष्टीचा खेळ करणं बरं नव्हे. जिथे मारलेल्यांची संख्या म्हणजे गुण, अशा खेळांबाबत हा आक्षेप मला पटतो. ‘कमांड’मध्ये शस्त्रं सोडण्याची मुभा तीन प्रकारे ठरवता येते: शत्रू नसल्याची खात्री नसेल त्या प्रत्येकावर मारा, शत्रू असल्याची खात्री पटलेल्यावरच मारा, किंवा आज्ञेशिवाय मुळीच नाही. नवखा खेळाडू भीतीपोटी पहिला पर्याय निवडतो. अनेक डावांत समुद्रावर व्यापारी जहाजं आणि आकाशात प्रवासी विमानं असतात, त्यांचीही चिन्हं ओळख पटेपर्यंत पिवळीच असतात, आणि त्यांतलं एखादं पाडलं की जिंकत आलेला डाव हातचा जातो. 3 जुलै 1988 ला इराणच्या आखातात ‘विन्सेन्स’ या अमेरिकी क्रूझरने इराण एअरचं एअरबस पाडलं आणि 290 जण गेले. जहाजावरच्या यंत्रणेत ते विमान वर चढत असल्याची नोंद होत होती. तणावाखालची माणसं ते खाली, आपल्याकडे येत असल्याचं सांगत होती. ‘ग्लासगो’चा खरा इशारा धरला गेला नाही आणि ‘विन्सेन्स’वर खोटा धरला गेला. त्यामुळे शस्त्रांची मुभा फार आवळली तर पहिली घटना घडते आणि फार सैल सोडली तर दुसरी. हा पर्याय खेळाडूनेच निवडायचा असतो, आणि कुठला निवडावा हे खेळ सांगत नाही.