एक घर, किती विषय?

‘घर का पडले?’ हा प्रश्न कोणत्या तासाला विचारावा? किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण घेऊन पाहू या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. त्याची क्षमता सुमारे ६.२ होती. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ ६.७ क्षमतेचा भूकंप झाला. तोही पहाटेच. मृत्यू मात्र साठच्या आसपास!

भूगर्भशास्त्र धक्का का बसला ते सांगेल. पण एवढा फरक का? आता घरात शिरावे लागते. तिकडे बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची. आपल्याकडे माळवदाची : खांब, तुळया, फळ्या आणि वर फूट-दोन फूट मातीचा थर. भिंती दगडमातीच्या, दोन फुटांहून रुंद. पण आतली व बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड नाहीत. हादरा बसताच दोन्ही बाजू सुटल्या. वस्तुमान जास्त, म्हणून जडत्वही जास्त. हे झाले भौतिकशास्त्र.

मग लोकांनी अशी घरे बांधलीच का? उन्हाळ्यात ती थंड राहतात. दगड-माती गावातच मिळते, सिमेंटला पैसे पडतात. गळती थांबवायला वरचेवर नवी माती टाकली जाई आणि ओझे वाढे. येथे हवामान, अर्थकारण व परंपरा एकत्र येतात. शिवाय तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात गेला.

पुनर्वसनात घरे जमीनधारणेनुसार मिळाली : २५०, ४५० वा ७५० चौरस फूट. आखीव रस्ते आले, जुन्या गल्ल्या गेल्या. शेजार, ओटा, गुरांची जागा यांचे काय झाले, हा प्रश्न समाजशास्त्राचा.

हा विषय जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यातील भूकंपाचे धक्के नांदेडमध्येही जाणवले. म्हणून आमची सूचना अशी : विद्यार्थ्यांनी गावातील एक जुने घर निवडावे. भिंतीची रुंदी व छतावरील मातीची जाडी मोजावी, घरातल्या आजी-आजोबांना ते कसे व का बांधले हे विचारावे. मोजमाप आणि आठवण एकाच वहीत लिहावी. घर सुरक्षित कसे करता येईल, याचे उत्तर या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच सापडू लागेल.