आधी रेडिओ, मग मासे

लोधीखेड्याच्या माणसाला समुद्राविषयी सल्ला विचारावा, हे जरा गमतीचंच. आमच्याकडे संत्र्याच्या बागा, कापूस आणि कन्हान नदी. समुद्र शेकडो कोस लांब. पण मी गेली कित्येक वर्षं कारवारला राहतो, होड्यांवरचे रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्त करतो, म्हणून बहिणीनं फोन केला. "दादा, पोरगं समुद्रात जातो म्हणते, अन् मासे दिसणारं यंत्र घेतो म्हणते. काय घेऊ द्यायचं, तूच सांग." भाचा बंगळुरूला नोकरीत, सून हुबळीची. दोघांनी मिळून कयाक घेतली आहे, म्हणजे वल्ह्यानं चालवायची प्लास्टिकची चिंचोळी होडी. सुट्टीत इकडे येऊन गळ टाकायचा बेत आहे.

तरुण मंडळी आधी विचारतात ती मासे दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू. फिश फाइंडर मासा 'पाहत' नाही, ऐकतो. होडीखालचा एक डबीएवढा भाग पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, त्यावरून खोली निघते. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि आवाज तिच्यावरून जोरात उलटतो. मोरीसारख्या माशाला ही पिशवीच नाही, त्यामुळे तिची खूण फिकी उमटते.

विकत घेताना वारंवारता पाहावी. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज अरुंद शंकूसारखा खाली जातो, उथळ पाण्यात बारकावे दाखवतो. ५० किलोहर्ट्‌झचा रुंद आणि खोलवर जाणारा. शंकू २० अंशांचा धरला तर १० मीटर खोलीवर आपल्याला तळाचा जेमतेम साडेतीन मीटरचा गोल दिसतो. एवढ्याशा खिडकीतून समुद्र बघायचा! पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण, बाकी सगळं मागे पडलेलं पाणी. पडद्यावर मासा डावीकडे सरकला म्हणून होडी डावीकडे वळवणारे मी पाहिले आहेत. माशाचं चित्र काढून दाखवण्याची सोय तर बंदच ठेवावी. त्या यंत्राला पाण्यातला पालापाचोळाही मासाच वाटतो.

कयाकला चार-पाच इंची, उन्हात स्पष्ट दिसणारा पडदा आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी पुरते. आवाजाची डबी प्लास्टिकच्या तळाला आतून चिकटवली तरी चालते, मात्र मधे हवेचा बुडबुडा किंवा फोमचा थर नको. धरणाच्या पाण्यात मासेमारीची परवानगी असेल, तर तिथेही हेच यंत्र चालेल. व्हीएचएफ रेडिओ मात्र तिथे निरुपयोगी, कारण ऐकणारा कोणी नाही.

समुद्रावर हिशोब उलटा होतो. मासा नाही मिळाला तर बाजारात मिळतो. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर मी रेडिओच घ्यायला सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये मलपेची 'सुवर्ण त्रिभुज' ही मोठी बोट सात जणांसह मालवणच्या बाजूला बेपत्ता झाली. ती माणसं कर्नाटकाची, आणि शोध महाराष्ट्राच्या पाण्यात. मे २०१९ मध्ये नौदलाला तिचे अवशेष सापडले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या घरांनी ते महिने कसे काढले असतील, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. इंजिनाच्या बोटीची ही कथा, तर वल्ह्याच्या होडीचं काय?

हातात धरायचा सागरी रेडिओ साधारण ५ वॉटचा असतो. तो पाण्यावर तरंगणारा असावा आणि होडीला नव्हे, अंगातल्या लाइफ जॅकेटला बांधलेला असावा. होडी उलटली की माणूस आणि होडी वेगळे होतात. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचा अँटेना पाण्यापासून मीटरभर उंच, म्हणून दोन कयाकमधलं अंतर जास्तीत जास्त आठेक किलोमीटर, प्रत्यक्षात त्याहून कमीच. डोलकाठीवर अँटेना असलेल्या ट्रॉलरला मात्र आपण बरंच लांबून ऐकू येतो. वॉट वाढवण्यापेक्षा उंची महत्त्वाची, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

१६ क्रमांकाचा चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, जगभर संकटासाठी राखलेला. 'मेडे' तीन वेळा, मग आपलं नाव, जागा, किती माणसं. गप्पांना दुसरा चॅनल घ्यावा. इकडच्या होड्यांवर कोकणी, कन्नड, तुळू सगळं ऐकू येतं. 'गाळी बंतु' ऐकून भाच्याला वाटलं कोणी शिव्या घालतंय; सूनबाईनं हसत समजावलं, वारा सुटलाय म्हणतात. घरात कन्नड जाणणारं माणूस असेल, तर रेडिओवर तेच बसवावं.

आता कागदपत्रांचं. भारतात सागरी रेडिओ वापरायला दूरसंचार खात्याची परवानगी लागते. इंटरनेटवर सर्रास विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींवर सरकारनं २०२५ मध्ये स्वतंत्र नियमावली काढली, तेव्हा 'स्वस्तात मिळाला' म्हणून मागवू नये. परदेशातल्या नातेवाइकांना उपग्रहावरून संदेश पाठवणारी गार्मिन इनरीचसारखी यंत्रं आणायलाही सांगू नये. परवानगीशिवाय ती बाळगणाऱ्या प्रवाशांना इथल्या विमानतळांवर अटक झालेली आहे.

परवाना येईपर्यंत काय करायचं? रेडिओ असलेल्या स्थानिक होडीच्या सोबतीनंच जायचं, आणि किनाऱ्यावरच्या घरी परतीची वेळ सांगून ठेवायची. मोबाइल जलरोधक पिशवीत, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात आधीच भरलेला. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून समुद्राचे इशारे मिळतात, मासळी कुठे असेल याची सूचना मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते. निघण्यापूर्वी ते पाहायला पाच मिनिटं लागतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं, ते पावसाळा सरल्यावरच, हे लक्षात असू द्यावं.

आणि कारवारला येणार असाल तर आरग्याच्या नौदल तळाच्या बाजूला वल्हं मारू नका. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना होडी हलकी वाटते, म्हणून माणूस लांब जातो. दुपारी समुद्राकडून वारा चढतो आणि लाटाही. नवख्यांनी पहिले काही दिवस काळी नदीच्या खाडीतच, मुखाच्या आत, गळ टाकावा.